आधी वजन, मग इंच: उचललेल्या जिम्नीसाठी कॉइल स्प्रिंगा कशा निवडायच्या

मारुतीची जिम्नी घेतली की सहा महिन्यांत प्रश्न येतोच: "दोन इंच उचलायचीय, कुठल्या स्प्रिंगा टाकू?" आणि उत्तरं मिळतात ती ब्रँडच्या नावांची. गाडीवर काय काय लावलंय, मागे किती सामान असतं, हे कुणी विचारत नाही. स्प्रिंग निवडायची असते ती तिच्यावर येणाऱ्या भारावरून. उंची हा त्या भाराचा हिशेब झाल्यावर निघणारा आकडा आहे. हे मला कळायला स्प्रिंगांचे दोन जोड विकत घ्यावे लागले, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी लिहितोय ते 2023 मध्ये आपल्याकडे आलेल्या पाच दारांच्या जिम्नीबद्दल. तिला पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल आहे आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते, त्यामुळे हिशेब सरळ आहे. जुन्या जिप्सीला पाटे आहेत, तिचा विषय वेगळा. नव्या थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे; तिथे चाक जेवढं हलतं तेवढी स्प्रिंग दबत नाही, म्हणून खालचे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका.

1. उचलायची कशासाठी, ते ठरवा

स्प्रिंग बदलून डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा) जमिनीपासून एक मिलिमीटरही वर जात नाही. अ‍ॅक्सल चाकांवर असतो. तो वर न्यायचा तर मोठे टायरच हवेत. स्प्रिंगांमुळे वर जाते ती बॉडी आणि चासी. चढाला बंपर घासत नाही, मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा होते, एवढाच फायदा. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांना दीड ते दोन इंच भरपूर झाले. त्यापुढे गेलात की स्टीअरिंगपासून ब्रेकच्या होजपर्यंत सगळंच बदलत जावं लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या.

2. गाडी काट्यावर न्या

खडीचे डंपर किंवा उसाचे ट्रक जिथे वजन करतात तोच काटा. सकाळी लवकर जा, रांग नसते. टाकी फुल्ल करा, नेहमी गाडीत असतं ते सगळं सामान ठेवा, शेजारी नेहमी बसणारं माणूस बसवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि पावती घ्या, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचा भार मिळतो.

3. खरी मेख: तीच उंची देणाऱ्या दोन स्प्रिंगा सारख्या नसतात

इथे घाई करू नका. चूक होते ती इथेच.

समजा, पुढच्या अ‍ॅक्सलवर 670 किलो भरले. यातलं अ‍ॅक्सल आणि चाकांचं वजन स्प्रिंगवर येत नाही. ढोबळमानाने 110 किलो वजा करा. उरले 560, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगवर 280 किलो.

आता दुकानदार दोन जोड दाखवतो. दोन्हींवर "दोन इंच" लिहिलंय. पहिल्या स्प्रिंगचा रेट आहे 2.2 किलो प्रति मिलिमीटर, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला 2.2 किलो लागतात. दुसरीचा 2.8. 280 किलो खाली पहिली 127 मिलिमीटर दबेल आणि दुसरी 100. दोघी गाडीला एकाच उंचीवर धरत असतील, तर दुसरीची मोकळी लांबी (भार नसतानाची) पहिलीपेक्षा 27 मिलिमीटरने कमी असणारच.

उभ्या गाडीत हा फरक दिसत नाही, तो चालवताना दिसतो. चाक खड्ड्यात लटकतं तेव्हा शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि स्प्रिंगच्या वरच्या-खालच्या बैठकीतलं अंतर वाढतं. समजा ते 380 मिलिमीटर झालं. पहिल्या स्प्रिंगची मोकळी लांबी 392 आहे, ती अजून जागेवर दाबलेली राहील. दुसरीची 365, म्हणजे ती 15 मिलिमीटर सुटी होणार. सुटी स्प्रिंग बैठकीतून सरकते आणि चाक वर येताना ठण्ण करून वेडीवाकडी बसते. म्हणून गाडी चासीवरून जॅकवर घ्या, चाकं लटकू द्या आणि हे अंतर टेपने स्वतः मोजा. जास्त लांब शॉकअप टाकणार असाल तर तो लावून मोजा. मोकळी लांबी त्या अंतरापेक्षा कमी असेल तर ती स्प्रिंग घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

उलट टोकही बघा. सगळे वेटोळे एकमेकांना टेकल्यावर स्प्रिंगची उंची किती? साधारण तारेची जाडी गुणिले वेटोळ्यांची संख्या. 13 मिलिमीटरची तार आणि 8 वेटोळे म्हणजे 104. बंपस्टॉप (चाक फार वर येऊ नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) टेकायच्या आधी वेटोळे टेकत असतील, तर प्रत्येक आदळ्याचा हातोडा थेट चासीवर बसतो.

माझी चूक सांगतो. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) लावायचा बेत होता. दुकानदार म्हणाला, "आत्ताच हेवी घ्या, पुन्हा खर्च नको." मी घेतल्या. बंपर यायला आठ महिने लागले. ज्या स्प्रिंगा बंपर-विंचच्या भाराखाली दोन इंच देणार होत्या, त्यांनी रिकाम्या नाकाला अडीच इंच वर धरलं. नाक वर गेल्यामुळे कास्टर (चाकं ज्या आसाभोवती वळतात त्याचा मागे कललेला कोन; त्यानेच वळणानंतर चाकं सरळ होतात) कमी झाला, स्टीअरिंग हलकं पडलं. ताम्हिणीच्या उतारावर वळणातून बाहेर पडताना चाकं आपोआप सरळ होईनात. प्रत्येक वळणाला हातांनी स्टीअरिंग परत आणावं लागत होतं. शेजारी आई बसली होती. तिने दरवाजाचं हँडल घट्ट धरलं आणि घाट संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या दिवसानंतर मी अंदाजाने स्प्रिंग घेतलेली नाही.

आणि मुळात गरजच नव्हती. बंपर, विंच मिळून समजा 60 किलो. हे वजन अ‍ॅक्सलच्या साधारण 60 सेंटिमीटर पुढे लटकतं. जिम्नीचा व्हीलबेस 2590 मिलिमीटर आहे. तरफेच्या नियमाने पुढच्या अ‍ॅक्सलवर 60 ऐवजी 74 किलो वाढतात आणि मागून 14 कमी होतात. 74 चे अर्धे, 37 किलो एका स्प्रिंगवर. 2.2 रेटची स्प्रिंग त्याने फक्त 17 मिलिमीटर खाली बसते. म्हणजे आज मऊ स्प्रिंग घ्यायची आणि बंपर आला की 15 मिलिमीटरचा स्पेसर (स्प्रिंग आणि बैठकीच्या मधली चकती) टाकायचा. स्पेसरचा योग्य वापर मला एवढाच मान्य आहे: थोडी उंची जुळवणं. स्पेसरने भार पेलायची ताकद वाढत नाही, पूर्ण लिफ्टच स्पेसरवर काढणं चुकीचं.

किती कडक म्हणजे फार कडक? भाराला रेटने भागा. नेहमीच्या भाराखाली स्प्रिंग 100 ते 130 मिलिमीटर दबत असेल तर गाडी नीट चालेल. 80 च्या खाली गेलात की जांभ्याच्या रस्त्यावर दात वाजतात आणि चाक जमीन सोडतं. चाकाने जमीन सोडली की पकड संपली. ऑफ-रोडला कडक स्प्रिंग "दमदार" वाटते, पण चढ चढते मऊ स्प्रिंगवाली गाडी.

4. मागच्या स्प्रिंगा

इथे दोन सापळे आहेत. पहिला: बाहेरून येणारे बरेच किट तीन दारांच्या जिम्नीसाठी बनलेले असतात. तिचा व्हीलबेस 2250 आहे आणि ती आपल्या गाडीपेक्षा साधारण शंभर किलोने हलकी. ते किट आपल्याकडे सांगितलेली उंची देईलच असं नाही. किट पाच दारांसाठी आहे का, हे लेखी विचारा.

दुसरा: रोजचा भार आणि सहलीचा भार यांची गल्लत. मागे ड्रॉवर, फ्रिज कायमचे बसवले असतील तर ते धरून स्प्रिंग घ्या. वर्षातून चार वेळा कोकणात जाताना सामान भरता म्हणून 361 दिवस रिकामी गाडी उडवत नेऊ नका. कधीमधीच्या भारासाठी स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी चांगली. वाट खडबडीत झाली की हवा काढायची.

गाडीचं कमाल मान्य वजन 1545 किलो आहे. रिकामी ऑटोमॅटिक 1210. उरले 335, तेही माणसं धरून. चार माणसं बसली की सामानाला पन्नास-साठ किलो राहतात. हेवी स्प्रिंगने हा आकडा वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल, टायर तेच असतात.

5. दुकानात काय विचारायचं

रेट, मोकळी लांबी, तारेची जाडी, आणि "दोन इंच" कुठल्या भाराखाली. चौथ्याचं उत्तर नसेल तर बाहेर पडा. एककं सांभाळा: 1 किलो प्रति मिलिमीटर म्हणजे 9.81 न्यूटन प्रति मिलिमीटर, म्हणजेच 56 पाउंड प्रति इंच. तारेची जाडी व्हर्नियरने स्वतः मोजा. रेट जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून 12 ची तार 13 केली तर स्प्रिंग 38 टक्के कडक होते. डोळ्यांना हा फरक कळत नाही.

प्रोग्रेसिव्ह (दबेल तशी कडक होत जाणारी) की सरळ, एकाच रेटची? सरळ. प्रोग्रेसिव्हचे जवळजवळ असलेले वेटोळे गाडी उभी असतानाच टेकतात आणि वरचा हिशेब करता येत नाही. ज्यांना रस्त्यावरच फिरायचंय त्यांनी घ्यावी.

जुनी स्प्रिंग गॅसने तापवून उंची बदलणं, कापणं, वेटोळ्यांत रबरी बफर घुसवणं, हे कुणी सुचवलं तर त्या गॅरेजात गाडी ठेवू नका. तापवल्यावर पोलादाचं टेम्परिंग जातं. बफरमुळे दोन वेटोळे बाद होतात आणि त्यांचं काम बाकीच्यांवर पडतं. समुद्रकाठी राहत असाल तर कोटिंगकडेही बघा. माझ्या जुन्या स्प्रिंगच्या शेवटच्या वेटोळ्यावर, बैठकीला घासतं तिथे, नखाएवढा रंग उडाला होता. खाली गंजाचा बारीक खड्डा होता. स्प्रिंग तुटायची सुरुवात अशाच खड्ड्यातून होते.

6. सोबत काय बदलायचं

शॉकअप, त्याच लांबीचे आणि त्याच रेटला साजेसे. पुढे कास्टर दुरुस्त करणारे बुश. गाडी उचलल्यावर पॅनहार्ड रॉड (चासीपासून येणारा आडवा दांडा) अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो, म्हणून लांबी बदलता येणारा रॉड. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी चाक लटकवून तपासा. ताणलेल्या दिसल्या तर तशी गाडी रस्त्यावर आणू नका.

7. बसवणं

कुठलंही बरं गॅरेज अर्ध्या दिवसात करतं. एकच गोष्ट समोर उभं राहून करून घ्या: आर्म आणि रॉडचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर. गाडी जॅकवर असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

बसवण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. बसवल्यावर मोजा, आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. नवी स्प्रिंग थोडी बसते. तेव्हाच अलाइनमेंट करा आणि हेडलाइट खाली घ्या, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. डाव्या-उजव्या बाजूत 10 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी स्प्रिंगांवरच्या खुणा बघा. काही जोडांत डावी-उजवी वेगळी असते, आणि डावं स्टीअरिंग असलेल्या देशांसाठी बनवलेला जोड असेल तर ती अदलाबदल आधीच झालेली असते.