रूम हीटर गार वारा फेकतोय? दुरुस्तीला नेण्याआधी या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की माळ्यावरचा ब्लोअर हीटर खाली उतरतो. आपल्याकडे बऱ्याच घरांत तो घेतलेला असतो बाळंतिणीच्या खोलीसाठी, नाहीतर आजी-आजोबांसाठी. एरवी वर्षातले नऊ-दहा महिने माळाच. कोणीतरी भर दुपारी त्याची धूळ झटकतं, प्लग लावतं, पंखा घरघर करत फिरू लागतो आणि वारा येतो तो गार. लगेच घरातला निकाल जाहीर होतो : कॉइल गेली.

बहुतेक वेळा कॉइल शाबूत असते. पंखा चालू आणि वारा गार, याचा साधा अर्थ एवढाच की पंख्यापर्यंत वीज पोचते आहे, कॉइलपर्यंत पोचत नाही. मधे कोणीतरी ती अडवली आहे. अडवणारा थर्मोस्टॅट असेल (खोली पुरेशी तापली की कॉइल बंद करणारा), नाहीतर कटआऊट (हीटर आतून फार तापला की वीज तोडणारा). दोघेही आपलं काम करत असतील तर बिघाड हीटरमध्ये नाही, आपल्या वापरात आहे.

दुपारी तपासणं

पुण्यात नोव्हेंबरच्या दुपारी खोलीत २८ अंश सहज असतात. थर्मोस्टॅटचं बटण मधोमध ठेवलं असेल तर त्याच्या लेखी खोली पुरेशी गरम आहे, मग तो कॉइल कशाला लावेल? काही हीटरमध्ये अशा वेळी पंखाही थांबतो, काहींत नुसता पंखा फिरत राहतो. तक्रार येते ती या दुसऱ्या प्रकाराची.

बटण अगदी सावकाश शेवटपर्यंत फिरवा. वाटेत कुठेतरी ‘टक्’ असा बारीक आवाज आला पाहिजे. आवाज आला आणि अर्ध्या-एक मिनिटात वारा कोमट होऊ लागला, तर हीटर ठणठणीत आहे. नाही आला, तर पहाटे खोली गार असताना पुन्हा बघा. रिमोटवाल्या हीटरला हाच नियम : खोलीत २४ अंश आणि आकडा २२ वर, तर तो गप्पच बसणार.

दुसरं बटण निवडीचं. त्यावरची पंख्याची खूण म्हणजे फक्त वारा. पुढच्या खुणेला साधारण १००० वॅट, त्यापुढे २०००. ‘बारमाही’ म्हणून विकलेल्या हीटरमध्ये पंख्याची खूण उन्हाळ्यासाठी दिलेली असते आणि बटण नेमकं तिथेच राहून गेलेलं असतं. हसू नका, दुरुस्तीला आलेले असे हीटर कमी नसतात. आणि थर्मोस्टॅट शेवटपर्यंत फिरवल्याने वारा जास्त कढत होत नाही. खोली किती तापल्यावर थांबायचं एवढंच ते बटण ठरवतं.

आधी गरम, मग गार, मग पुन्हा गरम

पाच-दहा मिनिटं छान ऊब, मग एकदम गार वारा, थोड्या वेळाने पुन्हा ऊब : हे लक्षण कटआऊटचं. जाळीच्या आत, कॉइलच्या शेजारी रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान अशी एक गोल चकती असते. आत दोन धातूंची एकमेकांवर बसवलेली पट्टी. एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे ठराविक तापमानाला पट्टी वाकते आणि कॉइलची वीज तुटते. गार झाली की पट्टी पुन्हा जागेवर.

ती इतकी तापते, कारण कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही. मागच्या जाळीला धूळ बसलेली असते, मागे पडदा किंवा पलंगाची चादर टेकलेली असते, हीटर गादीवर ठेवलेला असतो. बाळाच्या घरात तर ठरलेलंच : लंगोट आणि दुपटी वाळायला हीटरवरच पसरलेली. ओलं कापड हवा अडवतं, हीटर आतल्या आत तापतो, कटआऊट पडतो. कापड वाळत आलं की हीच जागा आगीची. कपडे, पडदे, अंथरुण तीन फूट लांब ठेवा, मागेही मोकळी जागा सोडा.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे खटाखट बंद-चालू करत राहणं. त्याने चकती गार होत नाही. प्लग काढा, अर्धा तास हात लावू नका. मग मागची जाळी मऊ ब्रशने झाडा, व्हॅक्यूम क्लीनर असेल तर बाहेरून ओढून घ्या. ओलं फडकं नको, आणि प्लग लावलेला असताना जाळीत ब्रश तर मुळीच नको. माळ्यावर झुरळांनी आत काय मांडून ठेवलंय तेही बॅटरीच्या उजेडात बघून घ्या. पहिल्यांदा लावताना खिडकी उघडी ठेवा. धूळ जळल्याचा वास काही मिनिटांत जायला हवा. प्लास्टिक जळल्याचा वास आला तर बंद, आणि पुन्हा लावायचा नाही.

जाळी स्वच्छ, समोर-मागे मोकळं, तरीही तेच चक्र? मग पंख्याचा वेग बघा. मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशमध्ये धूळ बसली की पंखा जड फिरतो, हवा कमी पडते. प्लग काढून पातं बोटाने किंवा पेन्सिलीने ढकलून पाहा. अडखळत थांबलं तर मोटर साफ करून घ्यायला लागेल.

‘डायरेक्ट करून देतो’

या लेखातली सर्वांत महत्त्वाची चूक ही. सारखा बंद पडतो म्हणून हीटर दुकानात नेला, आणि तासाभरात ‘आता नाही बंद पडणार’ असं सांगत परत मिळाला, तर नेमकं काय केलं ते विचारा. पुष्कळदा कटआऊट काढून दोन वायरी थेट जोडलेल्या असतात. तक्रार गेली, खर्चही पन्नास-शंभर रुपये. पण पंखा अडकला तरी आता कॉइलला थांबवणारं कोणी उरलं नाही. तोच हीटर रात्रभर बाळाच्या खोलीत. माझं मत विचाराल तर असा हीटर भंगारात गेलेला बरा.

चकतीखेरीज काही हीटरमध्ये थर्मल फ्यूज असतो : सेंटिमीटरभर लांबीची धातूची नळी, दोन्ही टोकांना तार. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. तो गेला तर वारा कायमचा गार. नवा घालताना नळीवर छापलेलं तापमान आणि अँपिअर दोन्ही तेच हवेत. आणि तो सोल्डर करू देऊ नका. सोल्डरिंगच्या उष्णतेने नवा फ्यूज तिथल्या तिथे उडू शकतो. त्याच्या तारा धातूच्या छोट्या नळीत दाबून जोडायच्या असतात. कारागीर हे करतो का, यावरून त्याची पारख होते.

कोमट, पण गरम नाही

ही तक्रार वेगळी. २००० वॅटच्या हीटरमध्ये सहसा हजार-हजारच्या दोन कॉइल असतात. एक तुटली तर दोन नंबरवरही एक नंबरएवढीच ऊब येते. मल्टिमीटर असेल तर प्लग काढून, थर्मोस्टॅट ‘टक्’ होईपर्यंत फिरवून, प्लगच्या दोन समान पिनांवर मोजा. दोन नंबरवर साधारण २६ ओहम, एक नंबरवर ५२-५३ यायला हवेत. दोन्हीकडे ५३च्या आसपास आले तर एक कॉइल गेली. हा हिशेब तारेच्या कॉइलचा. सिरॅमिक हीटरला लावू नका.

आकडे बरोबर असूनही ऊब कमी, तर व्होल्टेज बघा. गावाकडे रब्बीच्या दिवसांत संध्याकाळी दिवे मंद होतात तेव्हा हीटरची ऊब फारच घटते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० ला २००० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टला जेमतेम सव्वाबाराशे देतो. यावर फ्रिजचा स्टॅबिलायझर लावणं हा उपाय नाही, तो एवढ्या लोडचा नसतोच. घरातल्या साध्या इन्व्हर्टरचंही तेच.

हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो. मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. टीव्हीचा एक्स्टेन्शन बोर्ड किंवा लहान सॉकेटवर कन्व्हर्टर पिन लावून चालवला तर ऊब येण्याआधी वायर तापते. दहा मिनिटांनी हीटर बंद करून पिना चाचपून बघा. चटका बसला तर दोष सॉकेटच्या ढिल्या पकडीत आहे.

कधी कधी सगळं ठीक असतं आणि माणूस फक्त लांब बसलेला असतो. दहा फुटांवर पोचेपर्यंत वाऱ्याचं तापमान अंगापेक्षा कमी झालेलं असतं, आणि वाहती कोमट हवा अंगाला गारच लागते. जाळीसमोर फूटभर अंतरावर हात धरून बघा. सरकत्या खिडकीच्या फटी आणि दाराखालची पोकळी आधी बुजवा. दोन किलोवॅट म्हणजे बेडरूमपुरती ऊब, हॉल-किचन मिळून नव्हे.

थंडी पडलेली, हीटर रुसलेला, म्हणून दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी आत घेणं मात्र करू नका. बाळ-बाळंतिणीच्या शेकाची रीत जुनी असली तरी ती घरं फटीफटींची होती. आजच्या बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. तसाच हीटर न्हाणीघरात नेणंही नको, अंघोळ बाळाची असली तरी.

जाता जाता दोन शंका. हॉट-अँड-कोल्ड एसी अधूनमधून काही मिनिटं गार होतो किंवा थांबतो, ते बाहेरच्या युनिटवरचं बर्फ वितळवण्यासाठी. त्याला मेकॅनिक लागत नाही. आणि अमेरिकेत पहिला हिवाळा काढणाऱ्या मुलाचा ‘फर्नेस (घरभर गरम हवा सोडणारी भट्टी) गार हवा सोडतोय’ असा फोन आला, तर त्याला भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑन’वर आहे का बघायला सांगा. तो ‘ऑटो’वर हवा, नाहीतर भट्टी विझलेली असतानाही पंखा हवा फेकत राहतो. त्यानंतर फिल्टर. तो चोंदला की तिथलाही कटआऊट ज्योत बंद करतो आणि पंखा तेवढा चालू ठेवतो.

दुकानात नेलाच, तर ‘गार वारा येतो’ एवढ्यावर थांबू नका. सुरुवातीपासून गार, की दहा मिनिटांनी गार, की एका नंबरवर गरम आणि दुसऱ्यावरही तेवढाच, हे सांगा. काढलेला जुना भाग परत मागा. हीटर दुकानातच वीस-पंचवीस मिनिटं चालवून दाखवायला सांगा आणि तेवढ्यात कटआऊट कुठे बसवला तेही दाखवून घ्या.