सेल मारते पण स्टार्ट होत नाही : पंप खोलायच्या आधी हे बघा

आयटीआयला मेकॅनिक डिझेल केलं, एका वर्षाचा ट्रेड, आणि हायवेवरच्या एका गॅरेजला लागलो. आयटीआयत शिकलो होतो ते जुन्या पंपाच्या इंजिनावर, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली की नोझलच्या पाइपचा नट सैल करायचा, सेल मारायचा, डिझेल आलं की आवळायचा. पहिल्याच आठवड्यात एक कॉमन रेलची गाडी (पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, जबर प्रेशरने डिझेल भरतो आणि तिथून ते प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला जातं) आली आणि मी १७ चा पाना घेऊन सरळ तोच नट धरला. मिस्त्रींनी मनगटच पकडलं, म्हणाले हात कापून घ्यायचाय का रे?

तेव्हा राग आला, नंतर कळलं. टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार. इथे नुसता सेल मारला तरी रेलमध्ये दोनशे-तीनशे बार होतात आणि लोडवर १६०० च्या पुढे. ती बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरत जातं. असं झालं तर हळद लावून बसायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरला सांगायचं की प्रेशरचं डिझेल आत गेलंय. लीकेज हाताने चाचपायचं नाही, पुठ्ठा धरून बघायचं.

आता मूळ मुद्दा. नवीन पोरं गाडी आली की स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं मशीन) लावतात. मी आधी मालकाला विचारतो, बंद कशी पडली? डिझेल संपलं होतं का, फिल्टर बदलला का, चालता चालता बंद पडली की रात्री लावली आणि सकाळी चालू झाली नाही. रात्री उसाच्या फडाजवळ लावली होती म्हटलं की मी पहिली टॉर्च वायरिंगवर मारतो, उंदराने कुरतडलेल्या दोन वायरींपायी अख्खा दिवस घालवलाय मी एकदा. इमोबिलायझरचा (चावी ओळखली नाही तर गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लुकलुकतोय का तेही तेव्हाच बघून घ्यायचं, मग फ्यूज आणि मेन रिले.

मग बॅटरी. सेल मारताना मल्टीमीटर बॅटरीवर ठेवा, दहा व्होल्टच्या खाली जात असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी बॅटरी चार्ज नाहीतर बदली, आणि इंजिनाची अर्थिंग साफ. स्टार्टर जोरात फिरला नाही तर प्रेशर बनणारच नाही आणि तुम्ही बसाल पंपाला शिव्या देत.

सेल मारताना कुणाला तरी सायलेन्सरजवळ उभं करा. पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये, तिथे कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा हिटर प्लग असं काहीतरी बघायचं. धूर अजिबात नाही म्हणजे इंजेक्टर उघडतच नाहीयेत. आता लावा स्कॅनर आणि लाइव्ह डाटात फक्त दोन गोष्टी बघा, आरपीएम आणि रेल प्रेशर. सेल मारूनही आरपीएम शून्यच दाखवतोय तर क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते सांगणारा) किंवा त्याची वायर. आरपीएम दीडशे-दोनशे आहे पण प्रेशर साधारण दोनशेच्या वर चढत नाही तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजेक्टरला उघडायची ऑर्डरच देत नाही (नक्की आकडा इंजिनागणिक वेगळा, मॅन्युअल बघा).

प्रेशर कमी दाखवतंय म्हणून लगेच पंप गेला असं होत नाही, रेलचा प्रेशर सेन्सरही खोटं बोलतो. इंजिन बंद, चावी ऑन, रेलमध्ये प्रेशर नाही तेव्हा सेन्सरच्या सिग्नल वायरवर साधारण अर्धा व्होल्ट यायला हवा. सप्लायला पाच व्होल्ट आहे का, अर्थ आहे का, तेही बघा. ते ठीक असेल तर टाकीकडून या. फिल्टरचं पाणी काढा, हातपंप मारा, कडक होतोय का बघा, पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा टाकला तर बुडबुडे लगेच दिसतात. फिल्टर बदलल्यावर चालू न होणाऱ्या गाड्या बऱ्याचदा इथेच सुटतात.

आणि आता माझा गाढवपणा. एक पिकअप आला, प्रेशर ऐंशीच्या वर जाईना, टाकीकडची लाइन चोख, सेन्सर चोख. मी ठरवून टाकलं पंप गेला, उतरवला, पंपवाल्याकडे टेस्टला पाठवला, दोन दिवसांनी ओके म्हणून परत आला. मिस्त्री काही बोलले नाहीत, मेडिकलमधून सलाइनच्या नळ्या आणल्या, पाण्याच्या चार सारख्या बाटल्या घेतल्या. चारही इंजेक्टरचे कपलर (वायरीचे सॉकेट) काढले, रिटर्नच्या (इंजेक्टरमधून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या पाइपच्या) जागी नळ्या लावून बाटल्यांत सोडल्या आणि मला सेल मारायला सांगितलं. पहिली, दुसरी, चौथी बाटली कोरडीच म्हणा, थेंब दोन थेंब. तिसरीत दहा सेकंदांत बोटभर डिझेल. पंप बिचारा प्रेशर बनवत होता आणि एक इंजेक्टर ते सगळं रिटर्नला सोडून देत होता. पक्कं करायला त्यांनी रेलवरची ती तिसरी लाइन काढून तिथे ब्लँकिंग कॅप (तोंड बंद करणारं टोपण) बसवली, परत सेल, प्रेशर सरळ २८० वर.

ही टेस्ट अर्ध्या तासाची आहे, पंप उतरवण्याआधी करायची होती. कपलर मात्र चावी बंद करूनच काढायचे, इंजेक्टरला साठ-सत्तर व्होल्टचा झटका असतो.

इंजेक्टर बदलला तेव्हा खालचा तांब्याचा वॉशर नवा टाकला, लाइन नवी टाकली, उघडी तोंडं लगेच टोपणाने बंद केली कारण कचऱ्याचा एक कण नवा इंजेक्टर खातो. त्याच्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरला, हे राहिलं तर गाडी चालू होते पण खडखडते आणि गिऱ्हाईक चौथ्या दिवशी परत दारात. हातपंप मारला, दुसऱ्या सेलला पिकअप चालू. पंप काढायची-घालायची मजुरी मालकाकडून घेतली नाही, माझ्या पगारातून गेली.