हाताने घडवलेल्या लाकडी टेबलसामानाची किंमत कशी पारखावी

पेन ठेवण्याचा प्लास्टिकचा ट्रे शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. त्याच मापाच्या, हाताने घडवलेल्या सागवानी ट्रेला दीड-दोन हजार रुपये सांगितले जातात आणि संगणकाचा पडदा उंचावणाऱ्या लाकडी फळीची किंमत तर पाच-सहा हजारांपर्यंत सहज जाते. एवढे पैसे मोजावेत की नाही याचे सरसकट उत्तर देता येत नाही. मात्र समोरच्या वस्तूची किंमत कशाकशाची आहे हे बऱ्याच अंशी ताडता येते आणि ते ताडले की निर्णय सोपा होतो.

आधी लाकडाचा हिशेब मांडावा. बारा इंच लांब, चार इंच रुंद आणि एक इंच जाड ट्रे म्हणजे ४८ घनइंच लाकूड. एका घनफुटात १,७२८ घनइंच असल्याने हा ट्रे घनफुटाचा छत्तिसावा भाग होतो. कापण्यात, रंधण्यात आणि गाठी टाळण्यात निम्मे लाकूड वाया गेले असे धरले, तरी लागले ते अठराव्या भागाएवढेच. सागाचा भाव घनफुटाला ४,५०० रुपये असा चढा धरला, तर या ट्रेत २५० रुपयांचे लाकूड आहे. आंब्याचे लाकूड वापरले असेल तर त्याहूनही कमी. तेव्हा ‘लाकूडच महाग झाले आहे’ हे विक्रेत्याचे स्पष्टीकरण छोट्या वस्तूंच्या बाबतीत फारसे खरे नसते. उरलेली रक्कम कारागिराच्या वेळेची, लाकूड वाळवण्यासाठी अडकून पडलेल्या भांडवलाची, बिघडलेल्या नगांची, पॉलिशची आणि वेष्टन, कुरिअर व विक्रीच्या दलालीची असते. यांपैकी पहिल्या चार गोष्टींसाठी पैसे देण्यास हरकत नसावी. शेवटच्या गोष्टींचा वाटा किती आहे, हे मात्र कारागिराकडून थेट घेतल्यास तीच वस्तू कितीला पडते यावरून कळते.

‘हस्तनिर्मित’ या शब्दावर फार विसंबू नये. पेनांसाठीची खोलगट खाच संगणकावर चालणारे कोरीव यंत्र काही मिनिटांत पाडते आणि त्यानंतर हाताने पॉलिशपेपर फिरवला की वस्तू हस्तनिर्मित म्हणून विकली जाते. यंत्रकाम वाईट नाही, कित्येकदा ते हाताच्या कामापेक्षा नेमके असते. पण त्यासाठी पटाशीच्या कामाची किंमत देण्याचे कारण नाही. एकाच नमुन्याचे पाच-सहा नग शेजारी ठेवून पाहावेत. खाचेच्या कोपऱ्यांची गोलाई सगळ्यांत तंतोतंत सारखी असेल तर ते काम यंत्राचे समजावे.

खरा फरक पडतो तो लाकूड किती वाळलेले आहे याने, आणि दुकानात उभे राहून डोळ्यांना सर्वांत कमी दिसणारी गोष्टही हीच. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. रेषांच्या लांबीच्या दिशेने ते जवळपास हलत नाही, आडव्या दिशेने मात्र फुगते आणि आकसते. त्यातही वाढीच्या वलयांना समांतर होणारा बदल वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेतील बदलाच्या साधारण दुप्पट असतो. जुलैतल्या रत्नागिरीत घडवलेली वस्तू मे महिन्यातल्या नागपुरात किंवा वर्षभर एसी चालणाऱ्या कार्यालयात गेली की ती आकसणारच. लाकूड पुरेसे वाळलेले नसेल तर चीर पडते, फळी वाटीसारखी वाकते किंवा कोपरे उघडतात. हवेवर वाळवायचे तर दर इंच जाडीला वर्षभर असा सुतारकामातला ठोकताळा आहे; भट्टीत हेच काम काही दिवसांत किंवा आठवड्यांत उरकते. म्हणून विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत: लाकूड कसे वाळवले, आणि घडवताना त्यात ओलावा किती टक्के होता? आठ ते बारा टक्के हे उत्तर समाधानकारक आहे. ओलावा मोजण्याचे उपकरण स्वस्त असते आणि जाणता कारागीर ते बाळगतो. ‘आमचे लाकूड एक नंबर आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर किंमत त्याच मानाने कमी धरावी.

यानंतर वस्तू उलटी करून पाहावी. वरची बाजू चकचकीत आणि खालची कोरडी ठेवलेली असेल, तर दोन्ही बाजू ओलावा सारख्या गतीने घेणार नाहीत आणि रुंद फळी वाकण्याचा संभव वाढेल. रुंद फळीखाली आडवी पट्टी घट्ट चिकटवली असेल तर तेही वाईट लक्षण, कारण फळीला आकसायला वाव उरत नाही आणि ती मधोमध तडकते. जाणकार कारागीर पट्टीतली स्क्रूची भोके लांबट ठेवतो. अशी लांबट भोके दिसली की बाकीच्या कामाविषयीही निम्मी खात्री पटायला हरकत नाही.

वस्तू भरीव लाकडाची आहे की एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाटीवर) लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेली, हे वजनावरून ठरवण्याची सवय पुष्कळांना असते आणि ती फसवी आहे. एमडीएफ सागाइतके किंवा त्याहून थोडे जडच भरते. खरी खूण कडेला सापडते. वरच्या पृष्ठभागावरची रेष कडेवरून खाली उतरताना दिसली पाहिजे आणि फळीच्या टोकाला वलयांच्या कमानी दिसल्या पाहिजेत. वरची नक्षी कडेपाशी अचानक संपून दुसरीच पट्टी सुरू होत असेल, तर तो पापुद्रा आहे. वर्णनात ‘शिसम फिनिश’ किंवा ‘टीक फिनिश’ असे लिहिलेले असेल तर तो फक्त रंग समजावा. नुसते ‘टीक’ लिहिले असेल तर ते कुठले, हेही विचारावे. चंद्रपूर-बल्लारशाकडचा ‘सीपी’ (जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून पडलेले नाव) साग आणि परदेशातील लागवडीतला कमी वयाचा साग यांच्या गाभ्यात व टिकाऊपणात फरक असतो. सालीलगतचे पांढरट लाकूड शक्यतो टाळावे, कारण घूण प्रथम तिथेच लागतो. आंब्याच्या लाकडाला तर तो विशेष लागतो, म्हणून त्यावर कीडनाशक प्रक्रिया झाली आहे का, हे विचारून घ्यावे. बारीक छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखा भुगा दिसला तर वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये.

सांध्यांचे थोडक्यात सांगता येईल. तिरके कापून नुसते चिकटवलेले कोपरे दिसायला सुबक असले तरी कमजोर असतात, कारण लाकडाच्या टोकांना डिंक नीट धरत नाही. एकमेकांत अडकणारे डव्हटेल सांधे किंवा कोपऱ्यात बसवलेली आडवी चीप दिसल्यास जास्त पैसे द्यावेत. सांध्यातली फट लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांच्या लगद्याने बुजवलेली असेल तर देऊ नयेत.

पॉलिशची निवड आपल्या सवयी पाहून करावी. लाखेचे फ्रेंच पॉलिश सर्वांत देखणे असते, पण गरम चहाचा कप ठेवला की त्यावर पांढरा डाग उमटतो आणि सॅनिटायझर सांडला तर ते विरघळते. पॉलियुरेथेन दोन्ही सोसते. मात्र त्यावर ओरखडा पडला तर तेवढ्यापुरती दुरुस्ती करणे कठीण जाते. तेल आणि मेणाचा लेप सर्वांत कमी संरक्षण देतो, तरी तो घरच्या घरी पुन्हा देता येतो, म्हणून रोज हाताळण्याच्या वस्तूंसाठी मला तोच बरा वाटतो. जवसाचे तेल वापरल्यास तेलाचा बोळा चुरगाळून टाकून देऊ नये, पसरून वाळवावा. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

आता कशावर खर्च करावा, याविषयी माझे मत. पत्रांचा किंवा कागदांचा ट्रे, खण असलेली छोटी पेटी आणि पडदा उंचावणारी फळी या वस्तूंत वाळवण, सांधे आणि पॉलिश या तिन्हींची कसोटी लागते आणि त्या दहा-वीस वर्षे वापरता येतात. तिथे चढी किंमत पटण्यासारखी आहे. मोबाइलचा स्टँड, हेडफोनची खुंटी आणि केबल अडकवण्याचे ठोकळे यांत कारागिरीला वाव फार थोडा असतो. शिवाय मोबाइलचे माप आणि चार्जरची जागा बदलली की ती वस्तू निरुपयोगी होते. त्यासाठी पाचशे रुपयांपलीकडे जाऊ नये.

पेनस्टँड हवा असेल तर महागड्या ब्रँडकडे वळण्याआधी कातकामाच्या, म्हणजे लाकूड फिरवून घडवण्याच्या, आणि लाकडावरील रंगकामाच्या जुन्या केंद्रांकडे पाहावे. कर्नाटकातील चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडावर हाताने रंगकाम होते. तिथे परंपरेने वापरला जाणारा पांगारा हलका आणि मऊ असल्यामुळे वस्तू आपटली तर खोक पडते, परंतु टेबलावर एका जागी राहणाऱ्या पेनस्टँडला ते चालून जाते. अशा वस्तूत कारागिराच्या हाताचा भाग खरोखर मोठा असतो आणि किंमत मात्र अनेकदा शेकड्यांतच राहते.

मोठ्या वस्तूंसाठी ओळखीच्या सुताराकडून करून घेण्याचा मार्ग मला सर्वांत किफायतशीर वाटतो. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात जुन्या फर्निचरचा साग मिळतो आणि जुने वाडे पाडले जातात तिथली दारे-चौकटीही विकायला येतात. हे लाकूड अनेक दशके वाळलेले असते, त्यामुळे ओलाव्याची चिंता जवळपास मिटते. त्यातले खिळे आधी काढून घ्यावेत, नाहीतर सुताराच्या रंध्याचे पाते तुटते. जुना रंग कोरडा घासू नये, कारण त्यात शिसे असण्याचा संभव असतो. सुताराला कागदावर तिन्ही मापे, लाकडाच्या रेषांची दिशा आणि हवा तो सांधा काढून द्यावा आणि शक्य तर दोन-तीन वस्तू एकदम कराव्यात, म्हणजे त्याची दिवसाची मजुरी त्यांत वाटली जाते. फर्निचर करणाऱ्या सुताराला एवढे बारीक काम कधी कंटाळवाणे वाटते, म्हणून मजुरी ठरवताना घासाघीस बेताने करावी.

परदेशातल्या नातेवाइकांना भेट पाठवायची असेल तर शिसमाविषयी एक नियम माहीत असावा. २०१७ पासून शिसमाच्या संपूर्ण वंशाचा समावेश साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारातील नियंत्रित व्यापाराच्या यादीत झाला आहे. २०१९ मध्ये त्यात सवलत मिळाली आणि एका पाठवणीत अशा लाकडाचे वजन १० किलोपर्यंत असेल तर तयार वस्तूंना ते बंधन लागू होईनासे झाले; २०२२ मध्ये ही १० किलोंची मर्यादा प्रत्येक नगातील लाकडाच्या वजनाला लावायची असे ठरले. एखाद-दुसरा पेनस्टँड अर्थातच या मर्यादेत बसतो, तरीही लाकडाची जात आणि वजन लिहिलेले बिल सोबत ठेवावे.