डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी मराठी मजकूर: या चुका टाळा

गेल्या गणपतीत बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची वाचन स्पर्धा होती. उतारा मी टाइप केला: सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सुरू केलेलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये राज्यभर नेलं, त्याबद्दलचा. एका पानात बसावा म्हणून अक्षर दहा पॉइंटचं, दोन्ही कडा सरळ. माझ्या भाच्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं-शब्द ओळखून वाचायला त्याला जड जातं. तो दुसऱ्या ओळीवरून थेट चौथीवर उतरला. परत वाचायला लावलं, परत तेच. चूक माझ्या कागदाची होती.

आधी ‘जस्टिफाय’, म्हणजे दोन्ही कडा सरळ करणं, काढा. ‘मुख्याध्यापिकांच्या’सारखा लांबलचक शब्द खालच्या ओळीत गेला की वर उरलेले चार शब्द ताणले जातात, मध्ये खिंडारं पडतात आणि नजर त्यातून खाली घसरते. डावी कड सरळ, उजवी वेडीवाकडी राहू द्या. अक्षर चौदाचं, ओळींत दीडपट अंतर. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या रफारांत अडकतात. कोकिला फॉन्ट चौदालाही बारीक दिसतो, मुक्ता बरा.

खरी गोची होते ती इंग्रजीतला सल्ला जसाच्या तसा उचलल्यामुळे. ‘अक्षरांत अंतर वाढवा’ हे रोमन लिपीला ठीक. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द कुठे संपला तेच कळत नाही. अंतर शब्दाशब्दांत वाढवा. डिस्लेक्सियासाठी म्हणून बनवलेल्या ओपनडिस्लेक्सिक फॉन्टच्याही मागे लागू नका. त्यात देवनागरी नाही, कॉम्प्युटर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो.

महत्त्वाच्या शब्दाखाली रेघ मारायची मला भारी हौस. ती नेमकी उकार कापते. ‘सुत’ आणि ‘सूत’ सारखेच दिसायला लागतात. तिरपं अक्षरही नको. ठळक करायचा तर एखादाच शब्द करा. अख्खा परिच्छेद ठळक केला की ‘ध’ आणि ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजते, त्यांचे ‘घ’ आणि ‘म’ होतात. आमची मुलं गुजराती माध्यमातली. गुजरातीला शिरोरेषाच नाही, त्यामुळे ती फट बघायची सवय त्यांना मुळातच कमी. ‘धन’चं ‘घन’ वाचलं म्हणून मी भाच्याला उगाच ओरडलो होतो.

कागद फिकट पिवळा घ्या, पांढरा डोळ्यांवर येतो, असं सांगतात. मी हौसेने पिवळा आणला. भाचा म्हणाला, “मामा, पांढराच दे.” तोच दिला.