स्कूटर घ्यावी घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या माणसाच्या मापाने

घरात एकच स्कूटर येणार असेल, तर ती तिघे-चौघे चालवणार हे गृहीत धरा. गाडी पसंत करायला जाताना घरात ज्याची उंची आणि ताकद सर्वांत कमी आहे, त्याला सोबत न्याच. उंच माणसाला ठेंगणी स्कूटर जरा अवघडल्यासारखी होते, एवढंच. कमी उंचीच्या माणसाला मात्र उंच गाडी सिग्नलला, उतारावर किंवा वाळूत सरळ आडवी करते.

११० ते १२५ सीसीच्या बऱ्याच स्कूटरच्या सीटची उंची ७६० ते ७८० मिलिमीटर असते. हा आकडा एकटा फसवा आहे, कारण पाय जमिनीला पोचतात की नाही हे सीटच्या रुंदीवरही ठरतं. पुढे निमुळती असलेली ७८० ची सीट रुंद ७६५ पेक्षा सोपी जाऊ शकते. रोजची चप्पल किंवा बूट घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे पूर्ण टेकले पाहिजेत. नुसती बोटं टेकत असतील तर ती गाडी सोडा.

मग उतरून गाडी डबल स्टँडवर लावून पाहा. ही परीक्षा फार थोडे लोक करतात, आणि घरी आल्यावर रोजचा त्रास इथेच होतो. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या कडीवर, उजवा पाय स्टँडच्या पायटीवर ठेवून पूर्ण वजन सरळ खाली द्यायचं. हातांनी उचलायचं नाही. उचललं की कंबर धरते. पेट्रोल स्कूटरचं वजन साधारण १०० ते ११० किलो असतं, इलेक्ट्रिकचं बहुधा त्याहून जास्त. योग्य पद्धतीने करूनही दोन प्रयत्नांत जमलं नाही, तर ती गाडी त्या माणसासाठी जडच आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच फूट मागे ढकलूनही पाहा, कारण पार्किंगमधून ती तशीच काढावी लागते.

इंजिनाचं उत्तर सोपं आहे. सपाट रस्ता आणि बहुतेक वेळा एकटा माणूस असेल तर ११० सीसी पुरते. दोन मोठी माणसं, पिशव्या आणि चढ रोजचे असतील तर १२५ घ्या. गिअर हाताने खाली आणायची सोय नसल्याने ओझ्यासकट चढावर इंजिन ताणलं जातं, बेल्ट आणि क्लच तापतात, अॅव्हरेजही पडतं. म्हणून चाचणीची फेरी मागे माणूस बसवून आणि शक्य तर चढावरच घ्या.

ओझ्याचा हिशेब कागदावर करा. माहितीपुस्तिकेत दिलेल्या कमाल एकूण वजनातून इंधनासकट गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते माणसं आणि सामान मिळून. ७० आणि ६५ किलोची दोन माणसं आणि १० किलोची पिशवी म्हणजे १४५ किलो झाले. लहान मूल पुढे उभं करू नका. ते हँडलला लोंबकळलं की अॅक्सिलरेटर फिरतो. मागे बसवायचं तर त्याचे पाय फुटरेस्टला टेकले पाहिजेत.

पुढचं चाक १२ इंची असलेली गाडी १० इंचीपेक्षा खड्ड्यातून बरीच सहज जाते. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकाबरोबरच वर-खाली हलतं, त्यामुळे धक्का मागच्याला जास्त लागतो. तो कसा आहे हे चालवणाऱ्याला विचारू नका, मागच्याला विचारा. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन गाडीला फारसं अडवत नाही, सगळी भिस्त ब्रेकवर. डावा ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकांना लागणारी रचना आणि पुढे डिस्क असेल तर उत्तम. मात्र ब्रेकच्या दांडीपर्यंत लहान हाताची बोटं सहज पोचतात का, तेही बघा.

डिकीचे लिटर मोजू नका. घरचं हेल्मेट घेऊन जा आणि झाकण बंद होतंय का पाहा. पेट्रोलचं झाकण बाहेरून उघडणारं असलं की मागच्याला दरवेळी उतरावं लागत नाही.

इलेक्ट्रिक घेत असाल तर जाहिरातीतली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते तो आकडा, बाजूला ठेवा. दोन माणसांसह किलोमीटरला ३५ वॉट-तास वीज धरा (१००० वॉट-तास म्हणजे १ किलोवॉट-तास). ३ किलोवॉट-तासांच्या बॅटरीवर ८५ किलोमीटर होतात. पाचवा भाग राखीव ठेवला की हाती राहतात ६८. पुढे बॅटरी जुनी होईल तशी ही रेंज आणखी घटते. ७५० वॉटच्या चार्जरवर अशी बॅटरी रिकामी असताना भरायला चार तासांहून जास्त लागतात. काढून नेता येणारी बॅटरी १० किलो किंवा त्याहून जड असू शकते, तेव्हा जिना कोण चढणार ते आधी ठरवा.

ताब्यात घेताना चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदांशी जुळवा. टायरच्या बाजूला उत्पादनाचे चार अंक असतात: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. टायरमधली हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, मागच्या चाकात दोन माणसांसाठी दिलेली. पहिली सर्व्हिस होईपर्यंत पूर्ण अॅक्सिलरेटर देऊ नका आणि बराच वेळ एकाच वेगाने चालवू नका.