कोकण किनारपट्टीवरील मृत्यू-तपासात कीटकांचा पुरावा कसा राखावा

मरणोत्तर ताठरता आणि शरीराचे उतरते तापमान यांवरून मृत्यूची वेळ सांगता येण्याची मुदत कोकणासारख्या उष्ण, दमट प्रदेशात लवकर संपते. खाडीकाठच्या कांदळवनात, काजूच्या बागेत, जांभ्याच्या सोडून दिलेल्या खाणीत किंवा चाकरमानी गणपतीला येईपर्यंत बंद राहणाऱ्या कौलारू घरात प्रेत काही दिवसांनी सापडले, तर त्यावरील अळ्या हाच बहुधा वेळेचा सर्वांत उपयोगी पुरावा उरतो, आणि शवविच्छेदनापूर्वी प्रेत धुतले की तोच पहिल्यांदा नाहीसा होतो. हा मजकूर तपासी अंमलदार, ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी आणि घटनास्थळी बहुतेक वेळा सर्वांच्या आधी पोचणारे पोलीस पाटील यांच्यासाठी आहे.

अळीचे वय आणि मृत्यूची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. माशीला प्रेतापर्यंत पोचता आल्यापासून किमान किती काळ गेला, एवढेच अळी सांगते. माशा सहसा रात्री अंडी घालत नाहीत, मुसळधार पावसात त्या उडत नाहीत, आणि ताडपत्रीत गुंडाळलेल्या प्रेतावर उशिरा पोचतात. अशा वेळी खरा मृत्यू अळीच्या वयापेक्षा आधीचा असतो. उलट, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या शय्याव्रणात जिवंतपणीच अळ्या पडलेल्या असू शकतात, आणि मग अळीचे वय मृत्यूपेक्षा जास्त भरते. म्हणून घरातील मृत्यूत जुन्या जखमांची चौकशी नातेवाइकांकडे आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे अवश्य करावी.

प्रेताला हात लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि अळ्यांचे पुंजके शरीराच्या कोणत्या भागावर आहेत ते आकृतीत दाखवावे. डोळे, नाकपुड्या आणि तोंड येथे अळ्या असणे स्वाभाविक आहे. मात्र तळहातावर, बाहूवर किंवा छातीवर वेगळा पुंजका दिसला, तर तेथे त्वचा फाटलेली असण्याची शक्यता धरावी आणि ती गोष्ट शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना लेखी कळवावी.

त्यानंतर तापमान घ्यावे, कारण अळीची वाढ जवळजवळ सर्वस्वी त्यावर अवलंबून असते आणि नोंद राहून गेली तर ती नंतर मिळवता येत नाही. सावलीत जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर हवेचे, प्रेताच्या पृष्ठभागाचे, प्रेत आणि जमीन यांच्या मधले, अळ्यांच्या पुंजक्याच्या आतले आणि शेजारच्या मातीचे, अशी तापमाने वेळेसह लिहावीत. मोठ्या पुंजक्याच्या आतले तापमान भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांनी किंवा त्याहूनही अधिक असू शकते. प्रेत हलवल्यावरही त्या जागी नोंद ठेवणारा तापमापक किमान ३ ते ५ दिवस ठेवावा आणि ते आकडे रत्नागिरी, हर्णै, अलिबाग किंवा डहाणू यांपैकी जवळच्या हवामान केंद्राच्या त्याच दिवसांच्या आकड्यांशी ताडावेत; दोहोंतला फरक कळला की आधीच्या दिवसांचे तापमान दुरुस्त करून वापरता येते. किनाऱ्यावरील केंद्राचे आकडे घाटाच्या पायथ्याच्या गावाला जसेच्या तसे लावू नयेत.

नमुना नेहमी दोन भागांत घ्यावा. शरीराच्या प्रत्येक जागेवरून सर्व आकारांच्या, पण विशेषतः सर्वांत मोठ्या अळ्या निवडाव्यात. त्यांतील निम्म्या उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवलेल्या पाण्यात सुमारे ३० सेकंद बुडवून माराव्यात आणि मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. जिवंत अळी थेट अल्कोहोलात टाकली तर ती आक्रसते व काळवंडते, आणि लांबीवरून काढलेले वय चुकते. फॉर्मालिन वापरू नये. त्याने ऊती कडक होतात आणि डीएनए तपासणी अवघड होते. दुसरा निम्मा भाग जिवंत ठेवून ताज्या काळजाच्या (यकृताच्या) तुकड्यावर, तळाशी लाकडाचा भुसा घातलेल्या आणि तोंडाला मलमल बांधलेल्या बरणीत वाढवावा, कारण माशी बाहेर आल्यावर तिची जात ठरवणे अळीपेक्षा पुष्कळ सोपे असते. बरणीच्या तापमानाचीही नोंद हवी. काळजाचा तुकडा मिळवण्याचा कंटाळा करून सगळ्याच अळ्या मारून पाठवण्याची सवय सोडलेली बरी.

अळीच्या मागच्या टोकावरील श्वासरंध्रांत पहिल्या अवस्थेत एक, दुसऱ्या अवस्थेत दोन आणि तिसऱ्या अवस्थेत तीन फटी दिसतात, हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. आपल्याकडे क्रायसोमाया मेगासेफाला आणि क्रायसोमाया रुफिफेसीस या चकचकीत हिरव्या-निळ्या माशा महत्त्वाच्या आहेत. दुसरीच्या अळ्या अंगावर मांसल काटे असलेल्या असतात आणि मोठ्या झाल्यावर इतर अळ्या खातात. प्रेतावर केवळ काटेरी अळ्या उरल्या असतील, तर आधी आलेल्या अळ्या त्यांनी संपवल्या असण्याची शक्यता मांडून अंदाज कमी पडतो असे नमूद करावे. सार्कोफागा वंशातील मांसमाशी अंडी न घालता थेट अळ्या सोडते. तिच्या बाबतीत अंडी उबण्याचा वेळ हिशेबात धरायचा नसतो.

पोट भरलेल्या अळ्या कोषात जाण्यासाठी प्रेतापासून दूर सरकतात. सड्यावरील (कातळाच्या पठारावरील) जांभा कठीण असल्याने त्या पालापाचोळ्यात, चिऱ्यांच्या भेगांत आणि घरात असल्यास पोत्याखाली किंवा चटईखाली सापडतात, म्हणून काही मीटरपर्यंतचा परिसर चाळून पाहावा. नवा कोष फिकट असतो आणि साधारण दिवसभरात तपकिरी होतो. रिकामी कोषकवचेसुद्धा वेचावीत, कारण माशीची एक पूर्ण पिढी होऊन गेल्याचा पुरावा तीच देतात.

किनाऱ्यावरील गावांत एक अडचण विशेष आहे. क्रायसोमाया मेगासेफाला वाळत घातलेल्या मासळीवरही अंडी घालते, आणि डर्मेस्टिस वंशाचे भुंगेरे साठवलेल्या सुक्या मासळीत राहतात. ज्या घरात बोंबील किंवा सुकट भरून ठेवलेली आहे, तेथील भुंगेरा प्रेतावर सापडला म्हणून प्रेत जुने आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. अशा वेळी मासळीतील कीटकांचा स्वतंत्र नमुना वेगळ्या बाटलीत घ्यावा. मुंग्यांचेही तसेच आहे: त्या माशीची अंडी पळवून अळ्यांची सुरुवात लांबवतात, आणि त्यांच्या चाव्यांचे मृत्यूनंतरचे व्रण खरचटल्यासारखे दिसतात. खेकड्यांनी आणि पाण्यातल्या मासळीने ओठ, पापण्या व कानाच्या पाळ्या खाल्लेल्या असतील, तर त्या जखमा हत्याराच्या समजू नयेत.

समुद्रातून किंवा खाडीतून आलेल्या प्रेतावर माशा ते पाण्याबाहेर उघडे पडल्यावरच बसतात, त्यामुळे अळीचे वय प्रेत किनाऱ्याला लागल्याची वेळ दाखवते. ती वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी ताडावी. बुडून मृत्यू झाल्याची शंका असल्यास मांडीच्या हाडातील मज्जेत डायटम, म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शैवाल, शोधतात. त्यासाठी घटनास्थळाचे पाणी स्वच्छ बाटलीत स्वतंत्र पाठवावे लागते. खाडीचे पाणी भरतीला खारे आणि ओहोटीला, विशेषतः पावसाळ्यात, गोडसर होत असल्याने दोन्ही वेळांचे पाणी घ्यावे. डायटम सापडले तरी तो केवळ पूरक पुरावा असतो.

वयाचा हिशेब अंश-तासांत करतात, म्हणजे वाढीच्या किमान तापमानापेक्षा जितके अंश जास्त, त्यांना तासांनी गुणतात. उदाहरणासाठी धरू की वाढीचे किमान तापमान १० अंश आहे आणि प्रयोगशाळेत २७ अंशांना अळी त्या अवस्थेला ९० तासांत पोचते. तासाला १७ याप्रमाणे १५३० अंश-तास होतात. घटनास्थळी पावसाळ्यात सरासरी २४ अंश असेल, तर तासाला १४ मिळतात आणि तीच वाढ सुमारे १०९ तास घेते. केवळ ३ अंशांनी १९ तासांचा फरक पडतो, आणि एवढ्या फरकात संशयिताचा मुंबईच्या रात्रीच्या गाडीचा पुरावा टिकू किंवा कोसळू शकतो. प्रेत शीतगृहात ठेवल्याची व काढल्याची वेळही या हिशेबात येते. किमान तापमान आणि वाढीचे आकडे मात्र त्या-त्या जातीचेच वापरावेत.

विषबाधेचा संशय असल्यास अळ्यांचा वेगळा, अल्कोहोल न घातलेला आणि गोठवलेला नमुना द्यावा. बागेतील कीटकनाशक अळीच्या शरीरात सापडू शकते, पण त्यावरून मृताने किती मात्रा घेतली हे सांगता येत नाही. शिवाय काही कीटकनाशकांमुळे माशांचे येणे आणि अळ्यांची वाढ लांबते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ खालील इन्क्वेस्ट (मृत्यूच्या कारणाच्या चौकशीच्या) पंचनाम्यात अळ्या होत्या एवढेच न लिहिता जागा, आकार, तापमान आणि नमुना घेतल्याची वेळ लिहावी. ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाच्या घटनास्थळ-भेटीची तरतूद कलम १७६ मध्ये आहे. अकस्मात मृत्यूची नोंद पुढे खुनाची ठरू शकत असल्याने संशय येताच तज्ज्ञाला बोलवावे. प्रत्येक बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाकावी, कारण अल्कोहोलने शाई पुसली जाते, आणि बाहेरही तोच मजकूर लावून पंचांसमक्ष सील करावे. जिवंत नमुन्याची बरणी सील करताना हवा जाण्याची जागा मोकळी ठेवावी आणि ती मुद्देमालाच्या खोलीत पडून न राहता त्याच दिवशी खास माणसाबरोबर रवाना करावी.