इटलीतल्या अब्रुत्सो-मोलिसे या प्रांतांतल्या डोंगरगावात बिऱ्हाड थाटताना

कागदपत्रं आधी उरका. इटलीत उतरल्यापासून ८ कामकाजी दिवसांत 'पेर्मेस्सो'चा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टातून जायला हवा. पोस्टाची पावती जपा. कार्ड हातात पडेपर्यंत तोच पुरावा. मग 'कोमूने'त, म्हणजे गावच्या पालिकेत, रहिवासी नोंद. अर्जानंतर ४५ दिवसांत पालिकेचा पोलीस न कळवता घरी येऊन बघून जातो. घंटीवर आणि पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर तो खालूनच परत फिरतो आणि नोंद अडकते. साधी चिठ्ठी चिकटवली तरी भागतं.

वाटेत भेटेल त्याला 'ब्वोनजोर्नो', म्हणजे नमस्कार, म्हणा, ओळख नसली तरी. म्हाताऱ्यांना 'चाओ' नको, ते अरेतुरे होतं.

वीजजोडणी बहुतेक घरांना ३ किलोवॅटची असते. गिझर, ओव्हन आणि इंडक्शनवरचा कुकर एकदम चालवलात की मीटर वीज तोडणारच. जोडणी ४.५ किलोवॅटपर्यंत वाढवून मिळते, स्थिर आकार मात्र वाढतो.

सरपण क्विंटलवर विकतात. ओकचंच घ्या, आणि मे-जूनमध्ये. ऑक्टोबरात उरतं ते ओलं. ओलं लाकूड नुसतं धुमसतं, धुराड्यात डांबर साचतं आणि एखाद्या रात्री तेच पेट घेतं. धुराडं दरवर्षी झाडून घ्या.

आता उताराच्या शेताला धरून ठेवणारी दगडी भिंत. कोकणातला गडगा पाहिला असेल तर नवं काही नाही: चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचायचे. या कलेला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत जागा मिळाली, इटलीसह ८ देशांच्या नावाने. भिंत ढासळली तर आधी पायापर्यंत मोकळी करा. सगळ्यात मोठे दगड तळाला, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, मधूनमधून एक लांब दगड आत डोंगराकडे घुसवायचा, मागे बारीक खडी भरायची आणि भिंतीचा कल उताराच्या वरच्या अंगाला ठेवायचा. नवे लोक हमखास फटींत सिमेंट भरतात. मग पाण्याला वाट उरत नाही, पावसाळी हिवाळ्यात भिंतीला पोट येतं आणि एक दिवस ती रस्त्यावर येते. घराच्या दगडी भिंतींचंही तेच. बाहेरून सिमेंटचा गिलावा केलात तर आत ओल येते. चुन्याचा करा. कौलं किंवा खिडकीचा रंग बदलण्याआधी कोमूनेच्या तांत्रिक कचेरीत विचारा, जुन्या गावठाणात परवानगी लागू शकते.

ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. फळं पोत्यात कोंबू नका, आत गरम होऊन आंबतात आणि तेलाला कुबट वास येतो. भोकांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवा, २४ तासांत घाण्यावर न्या. १०० किलोंतून साधारण १२ ते १८ किलो तेल निघतं. माल थोडा असला तर बरेच घाणेवाले तो दुसऱ्यांच्या मालात मिसळून गाळतात. स्वतःच्याच झाडांचं तेल हवं असेल तर किमान किती किलो लागतील ते विचारा आणि घाण्याची वेळ ठरल्यावरच झाडाखाली जाळी अंथरा.